लग्नातलं धुराचं मशीन आणि आमच्या घरातला वास

नंबर आधीच सांगून टाकते : देणार नाहीये. आमच्या घरातल्या गटाराच्या वासाचं मूळ ज्याने शोधून दिलं त्या माणसाला विचारलं होतं, "लिहू का तुमच्याबद्दल, नंबरासकट?" तो म्हणाला, "लिव्हा काकू, पण नंबर नका टाकू. हायत तेच फोन उचलायला होईनात." तेव्हा ज्यांना फक्त नंबर हवाय त्यांनी इथेच थांबावं. बाकीच्यांसाठी तो काम कसं करतो ते लिहिते. असा माणूस तुमच्याही भागात असेल, आणि तो ओळखायचा कसा हे मला आधी कळलं असतं तर एक्केचाळीस हजार रुपये वाचले असते. हिशेब पुढे येईलच.

आम्ही पुण्यात सहकारनगरला राहतो. १९९४ची चार मजली इमारत, आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, आंबिल ओढा हाकेच्या अंतरावर. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री ओढ्याला पूर आला, तेव्हा आमच्या कंपाउंडची भिंत गेली आणि खाली लावलेल्या दुचाक्या एकमेकींवर चढल्या. तेव्हापासून आमच्या इमारतीत काहीही बिघडलं की बोट ओढ्याकडे जातं. लिफ्ट अडकली तरी.

त्यामुळे २०२२च्या पावसाळ्यात सासूबाई म्हणाल्या, "माझ्या खोलीत गटार उपसल्यासारखा वास येतो," तेव्हा आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, "ओढा आहे." खिडक्या बंद केल्या. वास गेला नाही. सासूबाई तेव्हा एक्याऐंशीच्या होत्या. दोन-चारदा सांगून झाल्यावर घरात जे होतं तेच झालं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मनातल्या मनात ठरवलं की वयामुळे भास होत असेल. मी एकतीस वर्षं ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. म्हणजे घरात कोणाच्या नाकावर विश्वास ठेवायचा याचा निकाल मीच लावला होता, आणि माझ्या नाकाला तर काही येत नव्हतं.

माझ्या नाकाबद्दल थोडं. बारावीच्या प्रॅक्टिकलला सॉल्ट ॲनालिसिस असायचं, म्हणजे दिलेल्या क्षारात कोणती मूलकं आहेत ते ओळखायचं. दुसऱ्या गटाच्या मूलकांसाठी हायड्रोजन सल्फाइड लागायचा आणि तो कोपऱ्यातल्या किप्सच्या उपकरणातून यायचा. आयर्न सल्फाइडच्या काड्या आणि आम्ल. पुस्तकात लिहिलेलं असतं, 'सडक्या अंड्यासारखा वास.' मुलं नाकाला रुमाल लावून यायची आणि अर्ध्या तासाने म्हणायची, "मॅडम, आता येत नाही वास." तेव्हा मी त्यांना सांगायचे की वास गेला नाही, तुमचं नाक गेलं. हा वायू फार थोडा असला तरी नाकाला कळतो, पण सतत घेत राहिलं तर नाक सरावतं. आणि प्रमाण १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, आसपास गेलं की नाक बधिरच होतं, धोक्याची सूचना द्यायचं बंद करतं. एवढं सगळं दुसऱ्यांना सांगून झाल्यावर माझ्याच घरात तोच वायू असताना मी म्हणत होते, मला तर येत नाही. मी दिवसभर घरात असायचे. सासूबाई सकाळ-संध्याकाळ बागेत जाऊन परत यायच्या आणि दारातून खोलीत शिरताना त्यांना तो जाणवायचा. बाहेरून येणाऱ्याचं नाक ताजं असतं.

दिवाळीत माझी नणंद आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "वहिनी, कसला गं वास?" मग मात्र आम्ही कामाला लागलो.

पहिलं वर्ष गेलं ते औषधपाण्यात. डांबरगोळ्या, मोरीत टाकायची दाणेदार पावडर, बेसिनच्या खाली कापराच्या वड्या. मग कोणीतरी ॲसिड सांगितलं. अटॅच्ड बाथरूमच्या मोरीत मी अर्धी बाटली ओतली आणि तासभर वास असा काही वाढला की मी सासूबाईंना हॉलमध्ये झोपवलं. रात्री दोनला अंथरुणात पडल्या पडल्या लक्षात आलं. पाइपात साठलेल्या काळ्या गाळात सल्फाइड असतं. त्यावर मी आम्ल ओतलं. म्हणजे मी घरच्या मोरीत किप्सचं उपकरण चालवत होते. एकतीस वर्षांची नोकरी आणि हे. ॲसिड ओतू नका, एवढं तरी माझ्याकडून घ्या.

दुसऱ्या वर्षी एक एजन्सी बोलावली, तिचंही नाव देत नाही. प्रेशर जेटने लाइन धुऊन दिली, साडेसहा हजार. चेंबरचं झाकण काढल्यावर त्यांचा मुकादम एका विशीतल्या पोराला म्हणाला, "उतर रे, जरा हाताने बघ." मी वरच्या गॅलरीतून ओरडले. खाली जाऊन त्याला सांगितलं की माणसाला असं उतरवायला कायद्याने बंदी आहे, २०१३चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी त्या चेंबरात काय असतं हे मला ठाऊक आहे. तो हसला. "मॅडम, आमचं रोजचंय." पोरगं उतरलं नाही, एवढंच. जेट मारल्यावर चार दिवस वास गेला. पाचव्या दिवशी आला.

मग संडासाची सीट उचकटून पुन्हा बसवून घेतली, सगळ्या फटी सफेद सिमेंटने भरल्या, नऊ हजार. मधल्या काळात सासूबाईंच्या खोलीतला एसी दोनदा बंद पडला. मे २०२३मध्ये आणि परत एप्रिल २०२४मध्ये. दोन्ही वेळा गॅस गेलेला, दोन्ही वेळा आतलं तांब्याचं कॉइल काळं पडून भोकं पडलेली. एकदा अकरा हजार, एकदा साडेबारा. मेकॅनिक म्हणाला, "नाल्याजवळच्या घरांत होतं असं." आणि ह्यांनी समाधानाने मान डोलावली. ओढाच.

पहिल्या वर्षीच्या दोन हजारांच्या पावडर-बाटल्या धरून हे झाले एक्केचाळीस हजार.

याच काळात सासूबाई दर आठवड्याला देव घासत होत्या. देव्हारा त्यांच्याच खोलीत आहे, एसीच्या समोरच्या भिंतीला. चांदीचा बाळकृष्ण, निरांजन, उदबत्तीचं घर. पूर्वी सणासुदीला विभूती लावून उजळायच्या. आता आठ दिवसांत सगळं काळं पडायचं, आणि बाळकृष्ण तर तपकिरी, निळसर, मग काळा, असा पायरीपायरीने. त्या म्हणायच्या, "चांदी पूर्वीसारखी राहिली नाही." मी म्हणायचे, "हो ना." चांदी काळी पडते ती सल्फाइडमुळे, हे मी शेकडो मुलांना शिकवलंय. परीक्षेत विचारलंय. तांब्याचं कॉइल, चांदीचे देव आणि सासूबाईंचं नाक, तिघंही एकच गोष्ट सांगत होते.

ही ट्यूब पेटल्यावर मी माझ्या पद्धतीने शोध घेतला. लेड ॲसिटेटमध्ये बुडवलेल्या फिल्टर पेपरच्या पट्ट्या केल्या, ओलसर ठेवल्या आणि घरात नऊ ठिकाणी टांगल्या. (लेड ॲसिटेट विषारी आहे. लहान मूल असलेल्या घरात हा उद्योग नको. मी हातमोजे घालून केला आणि पट्ट्या मोजून गोळा केल्या.) हायड्रोजन सल्फाइड लागला की पट्टी तपकिरी होते, जास्त असला तर काळी. सकाळी बघितलं तर स्वयंपाकघर पांढरं, हॉल पांढरा, दोन्ही बाथरूमच्या मोऱ्यांवरच्या पट्ट्या जेमतेम पिवळट, आणि सासूबाईंच्या खोलीत एसीच्या खालच्या भिंतीवरची पट्टी चहाच्या रंगाची.

त्या भिंतीपलीकडे डक्ट आहे, तिथून सगळे पाइप जातात. मी निष्कर्ष काढला की डक्टमधला पाइप गळतोय आणि भिंतीतून वायू झिरपतोय. एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने भिंत फोडून, पाइप बदलून, परत टाइल बसवून अडतीस हजारांचं एस्टिमेट दिलं. आम्ही हो म्हणायच्या बेतात होतो. तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या बाईंनी या माणसाचं नाव सुचवलं. "तो धूर सोडून बघतो," म्हणाल्या. मला वाटलं मांत्रिक वगैरे असेल.

आता मुख्य विषय.

पहिली तक्रार आधीच नोंदवते. सोमवारी येतो म्हणाला तो शनिवारी आला. मध्ये चार फोन केले, एक उचलला. पण आल्यावर त्याने जे केलं ते आतापर्यंत कोणी केलं नव्हतं. हत्यारांची पिशवी दारातच ठेवली, स्टूल मागितलं आणि बसला. पंचेचाळिशीचा असेल, बार्शीकडचा, सोबत एक पोरगा. पहिला प्रश्न, "वास पैल्यांदा कुणाला आला?"

मी सासूबाईंकडे बोट केलं. तो उठून त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसला. "आजी, तुमी सांगा. कवापासून?"

सासूबाईंनी सांगितलं. दोन वर्षं कोणी नीट ऐकलं नव्हतं ते सगळं सांगितलं. सकाळी सहा ते नऊ जास्त येतो. एसी लावला की जास्त. जोराचा पाऊस आला की जास्त. दुपारी कमी. तो मधे मधे "बरं", "हां" करत होता. मग म्हणाला, "सकाळी समदी बिल्डिंग अंघोळ करती, संडास वापरती. पाणी वरनं खाली पडतं तवा हवेला ढकलतं. ती हवा कुठनंतरी बाहेर निघायला बघती. आजी बरोबर सांगायल्यात."

मग विचारलं, "वास सुरू व्हायच्या आधी बिल्डिंगमधी काय काम झालं?" आम्ही तिघं विचार करत बसलो. ह्यांना आठवलं : त्या उन्हाळ्यात गच्चीवर पत्र्याची शेड झाली. "आणि तुमच्या घरात?" घरात त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२१मध्ये, सासूबाईंच्या खोलीत एसी बसवला. त्याने मान हलवली, काही बोलला नाही. मला माझ्या चांगल्या विद्यार्थ्यांची आठवण झाली. उत्तर आधी सुचलं तरी प्रयोग संपेपर्यंत गप्प बसणारे थोडे असतात.

माझ्या पट्ट्या त्याला दाखवल्या. फार निरखून बघितल्या. "हे भारीय काकू. पण भिंत नका फोडू. भिंतीतनं एवढा वास येत नसतोय. आधी धूर सोडू."

पुढचा तासभर तो घरभर फिरला आणि प्रत्येक मोरीत, बेसिनमध्ये बादलीभर पाणी ओतलं. का, ते त्याने सांगितलं आणि मीही सांगते, कारण अर्ध्या घरांचा प्रश्न इथेच सुटतो. मोरीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात साधारण पन्नास मिलिमीटर उंचीचं पाणी कायम उभं राहतं आणि ते पाणीच खालच्या वासाला अडवतं. बेसिनखालचा वाकडा पाइप, कमोडमध्ये दिसतं ते पाणी, सगळीकडे तीच युक्ती. कमोडसाठी ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनमधल्या घड्याळजीने १७७५ साली पेटंट केली आणि आजही तीच चालते. पण पाणी वाळतं. पाहुण्यांची बाथरूम मे महिन्यात दोन-तीन आठवडे बंद राहिली की ट्रॅप कोरडा होतो आणि गटार थेट घरात श्वास सोडतं. त्यावर उपाय एक तांब्या पाणी. महिनाभर गावाला जाणार असाल तर पाण्यावर दोन चमचे खाण्याचं तेल ओता, पाणी उडत नाही. यासाठी तो पैसे घेत नाही. "कित्येकदा फोनवरच सांगून सोडतो," म्हणाला.

मग तो डक्टमध्ये बॅटरी मारून बघत बसला आणि मला बोलावलं. तिथे दोन जाड पाइप शेजारी शेजारी खाली जातात. दोन्ही राखाडी, दोन्ही सारखे. तीस वर्षं मी त्यांना एकच समजत होते. एक सांडपाण्याचा : मोरीचं, बेसिनचं पाणी. तो खाली गल्ली ट्रॅपमध्ये पडतो, तिथेही पाणी उभं असतं, म्हणून चेंबरचा वास त्यातून वर येऊ शकत नाही. दुसरा मैल्याचा. तो मधे कुठेही न अडता थेट चेंबरला जातो. आणि या मैल्याच्या पाइपाचं वरचं टोक गच्चीच्याही वर उघडं ठेवलेलं असतं, म्हणजे सगळा वायू आकाशात जावा. "तेच्या नाकाला बोळा बसला तर तो तोंडानं श्वास घेणार का न्हाई?"

धुराचं मशीन म्हणजे काहीतरी शास्त्रीय उपकरण असेल अशी माझी कल्पना. पोरग्याने पिशवीतून काढलं ते लग्नात नवरा-नवरी स्टेजवर येताना सोडतात ते. खरंच तेच. मंडपवाल्याकडून जुनं घेतलेलं, त्याला एक ब्लोअर आणि जाड नळी जोडलेली. आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकायला सांगितलं होतं : अकरा ते साडेअकरा कोणी फ्लश करू नका, धूर दिसला तर घाबरू नका. तरी तिसऱ्या मजल्यावरच्यांनी फ्लश केलाच. काही लोक नोटिशीची वाट बघत असतात.

खाली चेंबरचं झाकण काढलं. पोरगं वाकलंदेखील नाही. वरूनच लांब काठीने महापालिकेच्या लाइनकडे जाणारं भोक ओल्या बारदानाने बंद केलं, नळी आत सोडली, वरून आणखी बारदान टाकलं. मी विचारलं, "आत उतरत नाही तुम्ही?" तो म्हणाला, "काकू, माझा चुलत भाऊ असाच गेला." पुढे काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

पोरगा गच्चीवर, तो खाली, आम्ही घरात. मशीन चालू. पाच मिनिटं झाली, सात झाली. तो फोनवर पोरग्याला विचारत होता, "आला का?" "न्हाई." "आता?" "न्हाई ना." मैल्याच्या पाइपाच्या वरच्या टोकातून धूर निघायला हवा होता आणि निघत नव्हता. वर बोळा बसलेला होता, हे तिथेच कळलं.

आणि सासूबाई ओरडल्या. "अगं, एसी पेटला!"

धावत गेले. एसी बंद होता. त्याच्या खालच्या झडपेतून पांढरा धूर संथपणे खाली ओघळत होता आणि देव्हाऱ्याच्या दिशेने जात होता. बाळकृष्ण ढगात. सासूबाई खाटेवर उठून बसल्या होत्या आणि त्यांनी हात जोडलेले होते. नंतर म्हणाल्या, सवयीने.

झालं होतं असं. आमच्या सोसायटीत एसीचं पाणी बाहेर ठिबकलेलं चालत नाही, खालच्या मजल्यावरचे भांडतात. म्हणून एसी बसवणाऱ्याने पाण्याची बारीक नळी भिंतीतून डक्टमध्ये काढली, समोर जो पाइप दिसला त्याला ड्रिलने भोक पाडलं आणि त्यात खुपसली. दोन पाइप होते. त्याने मैल्याचा निवडला. मधे ट्रॅप नाही, पाण्याचा अडसर नाही. वर टोक उघडं होतं तोवर वायू वर जात होता. पुढच्या वर्षी शेड झाली. कोजागिरीला शेडखाली बसल्यावर वास यायला नको म्हणून कोणीतरी त्या टोकात पोतं कोंबून वर सिमेंट फासलं. मग चार मजल्यांचा वायू आमच्या एसीतून बाहेर. एसी लावला की त्याचा पंखा ती हवा आणखी ओढून घ्यायचा. आधी तांब्याच्या कॉइलवरून, मग सासूबाईंच्या अंगावरून, मग चांदीच्या देवांवरून.

माझी पट्टी बरोबर जागी रंगली होती. मी मात्र भिंतीकडे बघितलं, वर बघितलं नाही. अडतीस हजारांची भिंत फोडून वास तिथेच राहिला असता.

दुरुस्तीला दोन तास लागले. एसीची नळी पाइपातून काढली. पाइपाच्या भोकाला एम-सील लावा असं मी सुचवलं तर त्याने माझ्याकडे मी मुलांकडे बघायचे तसं बघितलं, आणि पाइपाचा तेवढा तुकडा कापून नवा जोडला. एसीची नळी आता बाथरूमच्या भिंतीतून आत येते आणि मोरीच्या जाळीच्या वर चार बोटं मोकळी सुटते, पाण्यात बुडत नाही. उन्हाळ्यात त्याच पाण्याने ट्रॅप भरलेला राहील. गच्चीवरचं पोतं त्याने तात्पुरतं उपसून टाकलं. पोत्याच्या आत पारव्याचं अंडंही होतं.

पैसे : व्हिजिटचे पाचशे, धुराचे तीन हजार, एसीच्या नळीच्या आणि पाइपाच्या कामाचे अठराशे, सामान सहाशे चाळीस. पाच हजार नऊशे चाळीस. व्हिजिटचे पाचशे तो काही सापडलं नाही तरी घेतो, हे आधीच सांगतो. ह्यांना ते खटकलं. मला नाही खटकलं. त्या पाचशेमध्ये तो एक तास बसून ऐकतो. बाकी सगळ्यांनी ऐकायचे पैसे घेतले नाहीत आणि ऐकलंही नाही.

तक्रारी आणखी आहेत. बाथरूमच्या टाइलला होलपास मारताना एक कोपरा उडाला, तो तसाच आहे. पक्कं बिल देत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतो. धुराचा तो गोडसर वास पडद्यांना दोन दिवस होता, खाटेवर चादर टाका असं आधी सांगायला हवं होतं. ओली बारदानं जिन्यात ठेवून गेला, ती वॉचमनने उचलली आणि मला बोलणी बसली. जाता जाता दोन सिलिकॉनचे ट्रॅप गळ्यात मारले, दोनशे साठचा एक. जाळीखाली बसतात, पाणी खाली जातं आणि पापुद्रा मिटतो, वास वर येत नाही. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये ठीक आहे. रोजच्या बाथरूममध्ये मात्र केस अडकून आठवड्यात पाणी तुंबायला लागलं, मी काढून टाकला. तिथे पाण्याचा ट्रॅपच बरा.

हे झालं नोव्हेंबरात. आता फेब्रुवारी संपत आलाय. मी जानेवारीत पुन्हा नऊ पट्ट्या टांगल्या, नऊच्या नऊ पांढऱ्या निघाल्या. सासूबाईंना दाखवल्या तर म्हणाल्या, "मला कशाला दाखवतेस? मला कळतंय की." बाळकृष्ण दत्तजयंतीला उजळला होता, अजून हात लावलेला नाही.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा शनिवारी आल्याबद्दल आणि टाइलच्या कोपऱ्याबद्दल कापला आहे.

गच्चीवरचं काम अर्धवट आहे. त्या पाइपाला जोड देऊन तो शेडच्या वर न्यायचा आणि त्यावर जाळीची टोपी बसवायची, असं तो सांगून गेलाय. टोपी एकशे ऐंशी रुपयांची. सेक्रेटरी म्हणतात, वार्षिक सभेत ठराव लागेल. टोपी मी आणून ठेवली आहे, देव्हाऱ्याखालच्या कपाटात.